बाईंच्या शब्दांचं गाठोडं

"चहा निवायच्या आत होईल," असं मुद्देसाहेब म्हणाले, आणि बिघडायचं ते तिथेच बिघडलं. कारण हे वाक्य त्यांनी जिन्यात उच्चारलं. घरात बोललेलं माणसाला सावकाश मागे घेता येतं. जिन्यात बोललेलं वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी ऐकलेलं असतं, आणि विमावाल्यांनी ऐकलं की खालच्या दुकानातल्या औषधवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

काम होतं बाईंचं. बाई म्हणजे मुद्देसाहेबांच्या पत्नी. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली, त्यामुळे अख्खा रस्ता त्यांना बाईच म्हणतो. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसतात. या बाहेर पडल्या. शिंपी, सुतार, लोहार, पुस्तकबांधणीवाले, जिथे माणूस हाताने काही करत असेल तिथे जाऊन उभ्या राहायच्या आणि त्याच्या कामातले शब्द गोळा करायच्या. नुसते लिहून घेऊन थांबायच्या नाहीत. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द, त्याचा अर्थ आणि त्याची गंमत फोनवर आवाजात धरून आणायच्या. रंधा, पटाशी, गुण्या, ऐरण, भाता, काज, मुंढा, अस्तर. कुणी पाठ थोपटली नाही, कुणी सांगितलंही नव्हतं. वर्षं गेली आणि हे एवढं मोठं काम उभं राहिलं. खरं सांगायचं तर या बाईचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे, पण ते करायला घरात कुणाला सवड नव्हती, कारण मुद्देसाहेब आपल्या आठवणी लिहीत होते.

मुद्देसाहेब पाणीपुरवठा खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. ते बोलताना "मुद्दा पहिला" म्हणून सुरुवात करतात, आणि समोरचा उठून जाईपर्यंत मुद्दे संपत नाहीत, म्हणून हे नाव. माणूस अत्यंत सरळ. कागद तिरपा ठेवलेला दिसला तर त्यांना जेवण जात नाही.

तर झालं असं की भाषेचं काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने बाईंचा संग्रह कायमचा जपायचं ठरवलं. अट एकच, सगळं एकाच फायलीत बांधून शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत पाठवा. नंतर स्वीकार बंद, आणि पुन्हा कधी उघडेल ते सांगता येत नाही. बाईंनी हा निरोप वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून नुसत्या बसून राहिल्या. "अहो, आपण गेल्यावरही राहील हे," त्या म्हणाल्या. साहेबांनी त्याच क्षणी ही जबाबदारी अंगावर घेतली. नवऱ्याने घेतलेली जबाबदारी बायकोला परत मागता येत नाही, हे बाईंना ठाऊक असणार, पण त्या आनंदात होत्या.

घरातला संगणक भाच्याचा. भाचा जहाजावर नोकरीला, आणि सध्या जहाज कुठल्या तरी समुद्रात, जिथे फोन लागत नाही. जाताना त्याने संगणकावर युनिक्सच्या जातीचं काहीतरी घातलं होतं. माऊसने फायली बांधायला गेलं की तो संगणक अर्ध्यावर गोठायचा, म्हणून भाच्याने सांगून ठेवलं होतं, "मामा, ती काळी खिडकी उघडा आणि हुकूम लिहा. ती कधी अडत नाही." ही सूचना साहेबांना मनापासून आवडली. चित्रांवर टिचक्या मारणं त्यांना पोरकट वाटायचं. लेखी हुकूम द्यायचा आणि त्याची अंमलबजावणी व्हायची, ही पद्धत मात्र त्यांच्या खात्यातली होती.

पहिला हुकूम त्यांनी फायली दाबून लहान करणाऱ्या जी-झिपला दिला. विमावाल्यांच्या मेहुण्याच्या कचेरीत तेच वापरतात, असं विमावाले म्हणाले होते. आतली सगळी कपाटं, म्हणजे फोल्डर, धुंडाळून प्रत्येक फाईल दाब, आणि काय केलंस ते सांग, असा तो हुकूम. सोबत साहेबांनी स्वतःच्या आठवणीही त्यातच ठेवल्या होत्या. बाईंच्या संग्रहाला भारदस्त प्रस्तावना हवी, हे त्यांचं मत. त्यांच्या आठवणी हीच ती प्रस्तावना, हेही त्यांचंच.

काळ्या खिडकीत भराभरा ओळी धावल्या. प्रत्येक ओळीत फाईलचं नाव, त्यापुढे टक्के. साहेब पुढे वाकले. बाईंचे आवाज: दोन टक्के, एक टक्का, दीड टक्का. बाईंच्या शब्दांच्या याद्या: साठ, पासष्ट. आणि मग साहेबांच्या आठवणी: ब्याऐंशी टक्के.

टक्के म्हटल्यावर आपल्यासारख्या माणसांना दुसरं काय सुचणार? साहेब खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. यंत्राला नातंगोतं नसतं, त्यामुळे त्याने दिलेल्या गुणांना वजन असतं. त्यांना आनंद झाला आणि मागोमाग बायकोची दया आली. एवढी उन्हातान्हात हिंडली बिचारी, आणि बहुतेक विषयांत नापास.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस," ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले. "मुद्दा पहिला, याद्यांमध्ये तू पहिल्या वर्गात आहेस. मुद्दा दुसरा, आवाजाचा विषयच अवघड असतो."

बाईंना काही उमगलं नाही. त्या म्हणाल्या, "झालं का बांधून?"

"होतंय," असं म्हणून साहेब दूध आणायला खाली उतरले आणि येताना ब्याऐंशी टक्क्यांची गोष्ट औषधवाल्यांच्या कानावर घालून आले. औषधवाल्यांनी हात मिळवला. विमावाले तर संध्याकाळी मुद्दाम घरी येऊन बसले आणि म्हणाले, "छापाच आता. यंत्रानेच पसंत केलंय म्हटल्यावर प्रकाशक काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी 'रंधा' ऐकायला घेतला. वाजेना. 'ऐरण' वाजेना. एकही फाईल उघडेना, आणि प्रत्येकीच्या नावामागे एक परकं शेपूट लागलेलं. जी-झिपची रीतच अशी की फाईल दाबून झाली की मूळची ठेवत नाही. तिच्या जागी दाबलेली बसवतं. आणि सगळ्यांचं मिळून एक गाठोडं तर ते करतच नाही, एकेकीला वेगळं आवळतं. बाई काही बोलल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर साहेबांना उत्तर देता आलं असतं. न बोलणाऱ्या बायकोपुढे माणसाने काय करावं, याबद्दल खात्यात कधीच परिपत्रक निघालं नव्हतं.

पण इथे मुद्देसाहेबांची तारीफ केलीच पाहिजे. दुसरा कुणी संगणकाला लाथ मारून मोकळा झाला असता. साहेबांनी हुकुमांची इंग्रजी माहितीपुस्तिका काळ्या खिडकीतच उघडली, शब्दकोश मांडीवर घेतला आणि ती पुस्तिका आरंभापासून वाचायला बसले. असं लेखन आजवर कुणी सलग वाचलं नसेल. साहेबांना ते खात्याच्या नियमावलीसारखं गोड लागलं. दाबलेलं परत सोडवायचा हुकूम त्यांना सापडला, तो त्यांनी दिला, आणि शेपटं गळून एकेक फाईल पूर्ववत झाली. विमावाले आणि औषधवाले शेजारी बसून होतेच. साहेब विजयाच्या भरात पुढचा भाग त्यांना मोठ्याने भाषांतर करून सांगू लागले.

"टक्के म्हणजे... मूळ फाईलमधून किती भाग कमी करता आला, ते प्रमाण." ते थांबले. पण जीभ सुटली होती. "जो मजकूर पुन्हा पुन्हा येतो तो एकदाच ठेवला जातो, म्हणून पुनरुक्ती जितकी जास्त तितके टक्के..."

औषधवाले बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"म्हणजे तुमच्या पुस्तकात शंभरातले ब्याऐंशी भाग..." औषधवाले म्हणाले. त्यांना दुखवायचं नव्हतं. गोळ्या मोजायची सवय, म्हणून हिशेब आपोआप पुरा झाला.

"तसं शब्दशः नसतं ते," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

विमावाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आपल्याला एक गिऱ्हाईक गाठायचं आहे असं सांगितलं. दोघं गेल्यावर साहेब बराच वेळ आपल्या आठवणी वाचत बसले. 'मी तेव्हा स्पष्ट शब्दांत सांगितले की' हे वाक्य पानापानावर होतं. मग त्यांनी, कशासाठी कोण जाणे, बाईंचा 'भाता' लावला. लोहार सांगत होता की भात्याला घाई चालत नाही, घाईनं नुसती राख उडते, आणि पाठीमागे खरोखरच भाता हळूहळू चालत होता. साहेबांनी तो पुन्हा ऐकला. आता ती फाईल आधीच आवळलेल्या जातीची होती, म्हणून यंत्राला तीत फारसं काही काढता आलं नव्हतं, हे तांत्रिक कारण त्यांना पुढच्याच पानावर सापडलं. पण त्यांनी ते मानलं नाही. यात एक शब्द जास्तीचा नाही, असंच त्यांचं मत झालं, आणि ते त्यांनी अजून बदललेलं नाही.

गाठोडं बांधायचा खरा हुकूम टार. आधी सगळ्यांची एक मोट बांधायची, मग ती मोट दाबायची. साहेबांनी हुकूम लिहायला घेतला. आता खात्याची रीत अशी की आधी कागद लावायचे आणि सगळ्यात शेवटी जावक क्रमांक टाकायचा. कागद जोडण्याआधी जावक क्रमांक टाकणाऱ्या एका कनिष्ठाला साहेबांनी पूर्वी खुलासा विचारला होता. त्याच रीतीने त्यांनी आवाजांच्या कपाटात शिरून आधी सगळ्या फायली लिहिल्या, म्हणजे एक चांदणी (*) काढली की सगळ्या येतात तशी ती काढली, आणि अगदी शेवटी गाठोड्याचं नाव घातलं. टारची रीत बरोबर उलटी. त्याला गाठोड्याचं नाव आधी लागतं. पहिलं जे नाव दिसेल तेच गाठोडं, असं तो धरून चालतो, त्या नावाची फाईल असली तर ती रिकामी करतो आणि बाकीचं सगळं तिच्यात कोंबतो. विचारत नाही, आणि झालेलं परतही फिरवत नाही.

वर्णक्रमाने पहिली फाईल होती 'अस्तर'.

यंत्राने शेवटी कुरकुर केली की तुम्ही म्हणता त्या गाठोड्याच्या नावाची फाईल इथे नाही. साहेब ते शोधत बसले आणि त्यांना 'अस्तर' भलतीच फुगलेली दिसली. त्यांनी ती वाजवून पाहिली. काही वाजलं नाही. पुस्तिकेतला परिच्छेद पुन्हा वाचल्यावर त्यांना कळलं, बाकीचे आवाज 'अस्तर'वर जाऊन बसले होते. फायलींच्या प्रती काढून ठेवा असं भाचा सांगून गेला होता, पण प्रत काढणं म्हणजे दुबार काम, असं म्हणून साहेबांनीच ते होऊ दिलं नव्हतं. बाईंचा जुना फोनही केव्हाच गेला होता.

सांगणं भाग होतं. त्यांनी मुद्दे न पाडता सांगितलं.

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी त्यांनी पुरी केली. "अस्तर माझा पहिला शब्द," त्या म्हणाल्या. "तिथूनच सुरू झालं हे सगळं. शिंपीमास्तर म्हणाले होते, बाई, हे ऐकायला आजवर कुणी आलं नाही." मग दुसरी घडी हातात घेऊन म्हणाल्या, "जाऊ दे. एका शब्दावाचून अडत नाही. बाकीचे आहेत ना नीट?"

'जाऊ दे' हे शब्द साहेबांना फार लागले. बायकोने रागवायचं सोडून समजूत घालावी, यापेक्षा मोठी नामुष्की नाही. ते उठले, बाईंचा फोन घेतला, त्यातलं आवाज धरायचं बटण कुठलं ते विचारून घेतलं आणि पायात चपला सरकवून सरळ मास्तरांच्या दुकानाचा रस्ता धरला.

आता मास्तर, म्हणजे कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपी, आणि साहेब यांचं बोलणं बंद होतं. फार पूर्वी एका पॅन्टच्या बाबतीत साहेबांनी त्यांना लेखी तक्रार दिली होती. मास्तर टेबलावर कापड पसरून खडूने रेघा ओढत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

"मास्तर, अस्तर हा शब्द पुन्हा एकदा सांगावा लागेल."

"बाईंना सांगून झालाय."

"तो माझ्या हातून गेला."

"गेला म्हणजे?"

"त्याच्यावर बाकीच्यांचे आवाज जाऊन बसले."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "म्हणजे लोहार माझ्यावर बसला?"

"लोहार, सुतार, सगळेच."

मास्तर खडूचे हात झटकत म्हणाले, "पॅन्टच्या वेळी आठ मुद्दे लिहून दिले होते तुम्ही मला."

"सात," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "पॅन्ट चांगली होती. मीच मधल्या काळात सुटलो होतो."

हे कबूल करायला त्यांना किती जड गेलं असेल याची कल्पना मास्तरांना आली असावी, कारण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. साहेबांनी फोन मधोमध ठेवला, सरळ केला आणि बटण दाबलं.

"अस्तर म्हणजे कोटाच्या आतलं कापड," मास्तर म्हणाले, आणि थांबले.

"दिसत नाही ते?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग लावायचं कशाला? मुद्दा असा की, गिऱ्हाईक दिसणाऱ्या कापडाचे पैसे देतं."

मास्तरांना हा प्रश्न झोंबला. ते सावरून बसले. "असं कसं म्हणता? वरचं कापड चुकलं तर तुम्ही लगेच भांडायला येता. अस्तर चुकलं तर नुसतं टोचत राहतं आणि काय टोचतंय ते कळत नाही. आधी ते भिजवून आटवून घ्यावं लागतं. न आटवता लावलं तर पहिल्याच धुण्यात सगळा कोट आत ओढला जातो."

"किती आटवायचं, याला काही नियम?"

"नियम कसला? हाताला कळतं."

"हाताला कळतं म्हणजे नेमकं काय कळतं?"

असं ते चाललं. साहेब सोडेनात आणि मास्तर हटेनात. काखेत अस्तर सैल का ठेवतात, पाठीला चूण का घालतात, मास्तरांना त्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा अस्तर लावायला दिलं तेव्हा ते उलटं कसं शिवलं गेलं, सगळं बाहेर आलं. उलट्या अस्तराचं सांगताना मास्तर स्वतःच हसत सुटले, आणि साहेबही हसले.

शुक्रवारी साहेबांनी नवं 'अस्तर' जागेवर ठेवून हुकूम नीट लिहिला. आधी गाठोड्याचं नाव, मग फायली. गाठोडं झालं, दाबलंही गेलं. संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पानाने ते घेतलं नाही. साहेबांनी फोन लावला. तिथल्या मॅडम गोड बोलायच्या.

"साहेब, आम्हाला झिप लागतं. तुमचं टार आहे."

"ते जास्त शिस्तीचं असतं," साहेब दुखावल्या स्वरात म्हणाले.

"असेल. पण पानाला ते कळत नाही."

साहेबांनी नुसतं नाव बदलून पाहिलं. पानाने तेही ओळखलं. शेवटी झिपचा हुकूम दिला. आता पान म्हणालं, आकार मर्यादेबाहेर. विमावाल्यांनी सुचवलं, पुन्हा दाबा. साहेबांनी दाबलेलं पुन्हा दाबलं, तर ते अंमळ वाढलंच. औषधवाले म्हणाले, मात्रा विभागून द्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. पण संस्थेला एकच फाईल हवी होती. दुपार कलली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांचे हात पदराचं टोक पिळत होते, आणि साहेबांना ते दिसत होतं.

त्यांनी कुठलं कपाट किती जागा खातं ते यंत्राला विचारलं. आवाज सगळ्यात मोठे. त्याखालोखाल प्रस्तावना. आठवणींचा मजकूर आवळून एवढासा झाला होता, पण त्यासोबत साहेबांच्या सत्कारांचे फोटो होते: हार घालताना, हार घातल्यावर, हार काढताना, मोठमोठे आणि सगळे आधीच आवळलेले.

"फोटो तेवढे काढले तरी बसेल," विमावाले हळूच म्हणाले.

साहेबांनी फोटो काढले. मग जरा थांबले, आणि आठवणीही काढल्या. "संग्रह बाईंचा आहे," ते म्हणाले. "त्याला प्रस्तावना लागत नाही."

झिप पुन्हा बांधलं, आणि पानाने घेतलं. बाई खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या गेल्या नाहीत.

सोमवारी संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. फोन बाईंनीच घेतला आणि साहेबांनाही ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. सगळं नीट मिळालं, कायमच्या संग्रहात दाखल झालं, मॅडम म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. तपासायला म्हणून पहिला आवाज ऐकला, अस्तराचा. त्यात एक गृहस्थ सारखे मध्ये मध्ये प्रश्न विचारतात. आमच्याकडे तेवढा भाग कापायची सोय आहे. कापू का?"

साहेबांनी मान खाली घातली आणि हातानेच खूण केली, कापा म्हणावं.

"नको," बाई म्हणाल्या. "मी विचारलं होतं तेव्हा मास्तरांनी दोन वाक्यांत आटपलं होतं. हे सोडत नाहीत, म्हणून ते एवढं बोलले. या संग्रहात याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही."

"मग त्यांचंही नाव घालावं लागेल. कोण ते?"

"माझ्याबरोबर काम करतात," बाई म्हणाल्या.

साहेब खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. त्यांना इतकं बरं वाटलं होतं की दिवसभर त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.